वाचकांचे प्रश्न : शिखर दिसले, पण ते कोणाचे?

प्रकल्पांचे दिवस आले की कार्बनवरची पत्रे वाढतात. यंदा नाशिक शहर, निफाड, सिन्नर आणि पिंपळगाव बसवंत इथून आलेल्या पत्रांत बहुतेकांचा विषय एकच आहे : कार्बनच्या पृष्ठभागावर काय आहे, ते विद्युतरसायनाने कसे ओळखायचे. यातली नेहमीची पद्धत सायक्लिक व्होल्टॅमेट्री : इलेक्ट्रोडचा विभव (व्होल्टेज) ठरावीक वेगाने वर नेऊन परत आणायचा आणि करंटचा आलेख काढायचा. जिथे क्रिया जोरात होते तिथे शिखर उगवते. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत. खाली दिलेले सर्व विभव ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेल्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेतले आहेत. प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत हवे असल्यास त्यात ०.२१ व्होल्ट मिळवावेत.

प्रश्न : ३ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बन (काचेसारखा कठीण, गुळगुळीत कार्बन) इलेक्ट्रोडवर फेरिसायनाइडची सायक्लिक व्होल्टॅमेट्री घेते. दोन शिखरांतले अंतर १४० मिलिव्होल्ट येते. पुस्तकात ५९ लिहिले आहे. अर्धा तास घासूनही फरक पडत नाही. इलेक्ट्रोड खराब झाला का? की डिसेंबरातल्या थंडीमुळे असे होते? (एमएससी विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

थंडीचा दोष नाही. २५ अंशांना एका इलेक्ट्रॉनाच्या, दोन्ही दिशांना झटकन उलटसुलट होणाऱ्या क्रियेसाठी अंतर साधारण ५७ ते ५९ मिलिव्होल्ट असते. प्रयोगशाळा १५ अंशांवर आली तरी ते दोन मिलिव्होल्टच उतरेल, आणि तेही कमी होण्याच्या बाजूला. थंडीचा परिणाम दिसतो तो करंटवर. विसरण गुणांक (द्रावणात पदार्थ किती झपाट्याने पसरतो याचे माप) अंशाला साधारण दोन टक्के बदलतो, म्हणून दहा अंशांच्या फरकाने शिखराची उंची दहाएक टक्के घटते. त्यामुळे नोंदवहीत द्रावणाचे तापमान रोज लिहा. निफाडकडच्या जानेवारीत तर ही सवय हवीच.

इलेक्ट्रोडला दोष देण्याआधी मुळात ही कसोटी कशाची आहे ते पाहू. फेरिसायनाइड हा कार्बनच्या पृष्ठभागाच्या बाबतीत फार हळवा रेणू आहे. पृष्ठभागावर तेलकट थर असो, घासताना चिकटलेली ॲल्युमिना असो किंवा हवेतून बसलेली सेंद्रिय वाफ असो, त्याचा इलेक्ट्रॉन घेण्याचा वेग लगेच उतरतो आणि शिखरांतले अंतर रुंदावते. हेक्झाअमीनरुथेनियम हा रुथेनियम धातूचा आयन मात्र दुरूनच इलेक्ट्रॉन घेतो, पृष्ठभागावर कोणते रासायनिक गट आहेत याचे त्याला फारसे काही नसते. म्हणून दोन्ही मोजा. रुथेनियमचे अंतर ६० ते ६५ आणि फेरिसायनाइडचे १४० आले, तर यंत्र, जोडण्या आणि संदर्भ इलेक्ट्रोड ठीक आहेत, दोष पृष्ठभागाचा आहे. दोन्ही रुंदावले तर पृष्ठभाग सोडा आणि संदर्भ इलेक्ट्रोडची बंद पडलेली सच्छिद्र टोपी, गंजलेली क्लिप, सैल वायर तपासा.

द्रावणे अशी करा. १०० मिलिलिटर पाण्यात ७.४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवा (१ मोलर). त्यात ३२.९ मिलिग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड घाला, म्हणजे ते १ मिलिमोलर होते. उजेडात ते बिघडते, म्हणून तपकिरी बाटलीत ठेवा आणि रोज ताजे करा. रुथेनियमच्या क्लोराइडचे ७.७ मिलिग्रॅम २५ मिलिलिटरला पुरतात. त्याचे शिखर उणे ०.१५ व्होल्टच्या आसपास येते आणि तिथे विरघळलेला ऑक्सिजन आडवा येतो, म्हणून १५ मिनिटे नायट्रोजन सोडल्याशिवाय ते मोजू नका. एक ताकीद : फेरिसायनाइड किंवा फेरोसायनाइड तीव्र आम्लात कधीही मिसळू नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. आम्लातल्या प्रयोगाचे चंचुपात्र वेगळेच ठेवा.

घासणे किती वेळ, यापेक्षा कशावर आणि कशाने याला महत्त्व आहे. १ मायक्रॉन, ०.३ मायक्रॉन आणि ०.०५ मायक्रॉन अशा तीन ॲल्युमिना, आणि प्रत्येकीचे कापड वेगळे. एकाच कापडावर तिन्ही वापरल्या तर मोठे कण शेवटपर्यंत ओरखडे पाडत राहतात, आणि अर्धा तास घासूनही काही होत नाही याचे हे नेहमीचे कारण आहे. इलेक्ट्रोड सरळ उभा धरा, आठच्या आकड्यासारखा फिरवा, प्रत्येक पायरीला दोन मिनिटे, हलक्या हाताने. दर पायरीनंतर पाण्याच्या धारेखाली धुवा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात दोन मिनिटे सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात) ठेवा. जास्त वेळ ठेवला तर कार्बन आणि प्लास्टिकच्या बाह्या यांच्यामधला चिकटवा सुटतो, फटीत द्रावण शिरते, आणि मग बेसलाइन तिरकी होते ती कशानेच सरळ होत नाही. बोअरच्या पाण्याने शेवटचे धुणे तर करूच नका. चुन्याचा पांढुरका डाग भिंगाखाली सहज दिसतो.

घासल्यावर पाच मिनिटांच्या आत मोजा. ओल्या इलेक्ट्रोडला टिश्यूने पुसू नका, थेंब झटकून थेट द्रावणात सोडा. घासलेला इलेक्ट्रोड जेवणाच्या सुटीत टेबलावर उघडा राहिला आणि परत आल्यावर मोजला, तर अंतर वीस-तीस मिलिव्होल्टनी वाढलेले सहज सापडेल. शेजारी कोणी ॲसिटोन उघडले असेल तर आणखी.

आता तुमच्या आकड्याचा अर्थ. १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद या वेगाला १४१ मिलिव्होल्ट अंतर म्हणजे निकोल्सनच्या १९६५ च्या कोष्टकानुसार इलेक्ट्रॉन हस्तांतरणाचा प्रमाण वेगस्थिरांक साधारण ०.००२४ सेंटिमीटर प्रतिसेकंद. हेच अंतर ७२ वर आले तर तो ०.०१९, म्हणजे आठपट. नीट घासलेल्या ग्लासी कार्बनवर ६५ ते ८० मिळते आणि तेवढ्यावर समाधान मानावे. ५९ चा हट्ट धरू नका.

उंचीही तपासा. रँडल्स-सेवचिकच्या समीकरणाने ०.०७०७ चौरस सेंटिमीटर क्षेत्र, १ मिलिमोलर द्रावण, १०० मिलिव्होल्टचा वेग आणि विसरण गुणांक ७.६ गुणिले १० चा उणे सहावा घात धरला, तर साधारण १६.६ मायक्रोॲम्पिअर येतात. हे उलटसुलट क्रियेसाठी आहे. तुमची क्रिया मंद असल्याने शिखर थोडे बुटके असणारच. पण दहाच्याही खाली आले तर पृष्ठभागाचा काही भाग झाकलेला आहे. वीसच्या वर गेले तर द्रावण चुकले आहे किंवा बाहीच्या फटीत पाणी शिरले आहे.

प्रश्न : द्राक्षवेलीच्या छाटणीच्या काड्यांपासून पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून सक्रिय कार्बन केला. १ मोलर सल्फ्युरिक आम्लात ०.०५ व्होल्टच्या आसपास एक सुंदर, टोकदार शिखर येते. ते क्विनोन गटाचे (कार्बनला बांधलेल्या ऑक्सिजनच्या एका गटाचे) आहे असे लिहावे का? (प्रकल्प विद्यार्थी, निफाड तालुका)

लिहू नका. पत्रासोबतचा आलेख पाहता ते तांबे असण्याची शक्यता जास्त वाटते, आणि ते तांबे तुमच्या काडीबरोबरच आले असावे.

आधी आलेख जवळून पाहू. वर जाताना ०.०५ व्होल्टवर सुईसारखे शिखर आहे, परतताना त्याच्यासमोर तसे काहीच नाही, फक्त उणे ०.१ च्या खाली एक पसरट खळगा आहे. क्विनोन आणि हायड्रोक्विनोन ही कार्बनला बांधलेली जोडी आहे. ती दोन्ही दिशांना दिसते, शिखरे जवळजवळ समोरासमोर येतात आणि बुटकी व रुंद असतात. दोन इलेक्ट्रॉनांच्या आदर्श जोडीची अर्ध्या उंचीवरची रुंदी ४५ मिलिव्होल्ट असते, पण खऱ्या कार्बनवर गट एकसारख्या शेजारात नसल्याने ती शंभरच्या पुढे जाते. शिवाय या आम्लात त्यांची जागा ०.३ ते ०.४ व्होल्टच्या भागात असते. तुमचे शिखर जागेनेही जुळत नाही, आकारानेही नाही. धातूचा थर बसून सुटताना मात्र अगदी असेच टोकदार शिखर येते, आणि विरळ तांब्याची सुटण्याची जागा हीच.

बागेत १ टक्का बोर्डो मिश्रण फवारतात : शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो भागात ते वेलीवरच्या केवडा रोगासाठी पुढे आले आणि आजही आपल्याकडे तेच चालते. हंगामभराच्या फवारण्यांतले तांबे पानांवर पडते तसे काडीच्या सालीवरही बसते. एप्रिलच्या खरड छाटणीला निघालेल्या काड्या म्हणजे पूर्ण हंगाम अंगावर घेतलेल्या काड्या. जाळताना वजन चार-पाच पटींनी घटते, तांबे मात्र तेवढेच राहते. म्हणजे कार्बनमध्ये त्याचे प्रमाण आपोआप वाढते.

खात्री करायला तीन चाचण्या पुरेत.

पहिली, थांबण्याची. नायट्रोजन सोडून झाल्यावर विभव उणे ०.३ वर १० सेकंद धरा आणि मग वर चढवा. पुन्हा ६० सेकंद, मग १८० सेकंद. थांबण्याबरोबर शिखर वाढत गेले तर द्रावणातून काहीतरी येऊन बसते आहे. पृष्ठभागावरच्या गटांची संख्या थांबल्याने वाढत नाही.

दुसरी, बदलण्याची. द्रावण ढवळत विभव ०.५ वर पाच मिनिटे धरा म्हणजे बसलेले तांबे सुटेल. इलेक्ट्रोड धुऊन ताज्या आम्लात न्या. शिखर खूपच खाली आले तर गट नव्हता. हे तीन-चार वेळा करावे लागेल, कारण छिद्रांतले तांबे हळूहळू बाहेर येते.

तिसरी, भर घालण्याची. मोकळा, घासलेला ग्लासी कार्बन त्याच आम्लात ठेवा. १० मिलिलिटरमध्ये १० मिलिमोलर मोरचुदाचे १० मायक्रोलिटर टाका, म्हणजे तांबे १० मायक्रोमोलर होईल. थांबण्याची चाचणी इथेही करा आणि शिखर कुठे उगवते ते तुमच्या आलेखावर ठेवून पाहा.

आता उपाय, आणि इथे क्रम चुकला की पुढचे सगळे वाया जाते. तांबे जाळण्याआधी काढा. काडीवर ते हायड्रॉक्साइड किंवा सल्फेटच्या रूपात असते आणि सौम्य आम्लात लगेच विरघळते. भट्टीत ७०० ते ८०० अंशांना कार्बन त्याचे धातूत क्षपण करतो, आणि धातूचे तांबे हायड्रोक्लोरिक आम्लात सहज विरघळत नाही. नंतर कितीही धुतले तरी ते कणाकणांत अडकून बसते. म्हणून : साल पट्ट्यांनी सोलून काढा (वेलीची साल तशी सुटतेच), काडीचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर भिजवा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, १०५ अंशांना वाळवा, मग भट्टीत घाला. भिजवलेल्या पाण्यात अमोनिया जास्त घालून पाहा. निळसर झाक आली तर तांबे किती होते याचा अंदाज डोळ्यांनीच येईल.

कोणी सांगेल की नायट्रिक आम्लाने धुवा, तांबे चटकन जाते. जाते हे खरे. पण नायट्रिक आम्ल कार्बनचेच ऑक्सिडीकरण करते आणि त्यावर नवे कार्बॉक्सिल गट उगवतात. मग तुम्ही काडीचा कार्बन मोजत नाही, नायट्रिक आम्लाने केलेला कार्बन मोजता.

लोखंडाबद्दलही सांगितले पाहिजे. मिक्सरच्या पात्यात किंवा लोखंडी खलबत्त्यात दळलेल्या कार्बनमध्ये लोखंड येते, आणि सल्फ्युरिक आम्लात त्याची दोन-तीन संयुजेची जोडी साधारण ०.४५ व्होल्टला दिसते, क्विनोनच्या अगदी उंबरठ्यावर. तांब्यापेक्षा हा धोका मोठा आहे, कारण ही जोडी दोन्ही दिशांना शिखर देते आणि खऱ्या क्विनोनसारखी दिसते. शिवाय लोखंडाची ही क्रिया कार्बनवरच्या कार्बोनिल गटांमुळे वेगवान होते, हे रिचर्ड मॅक्रीरी यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवले आहे. म्हणजे गट जास्त असलेल्या नमुन्यात लोखंडाचे शिखर आणखी सुबक दिसते आणि फसगत पूर्ण होते. ॲगेटचा खल वापरा. लोखंड मात्र हायड्रोक्लोरिक आम्लात जाते : १ मोलर आम्ल, ६० अंश, दोन तास, दोनदा.

खरे क्विनोन ओळखायचे असतील तर पीएच बदला. आम्लापासून पीएच ७ च्या फॉस्फेट बफरपर्यंत चार-पाच द्रावणांत शिखराची जागा नोंदवा. जितके इलेक्ट्रॉन तितकेच प्रोटॉन घेणारी जोडी २५ अंशांना पीएचच्या एका अंकाला ५९ मिलिव्होल्टनी खाली सरकते. शिवाय बांधलेल्या गटाचा करंट वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो, द्रावणातल्या आयनाचा वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. या दोन्ही कसोट्यांना शिखर उतरले तर बेधडक लिहा.

भट्टीबद्दल एक सूचना. पोटॅशियम हायड्रॉक्साइड ७०० अंशांच्या वर गेल्यावर धातूरूप पोटॅशियम तयार होऊ शकते. नळी नायट्रोजनखालीच पूर्ण थंड होऊ द्या, मग माल थोडा थोडा करून फ्यूम हूडमध्ये पाण्यात घाला, जवळ ज्योत नको. चिनी मातीची बोट (भट्टीत माल ठेवायचे नावेसारखे भांडे) हा अल्कली खातो, निकेलची वापरा.

प्रश्न : ग्लासी कार्बनवर आमच्या कार्बनची शाई (द्रवात कालवलेली भुकटी) टाकली. फेरिसायनाइडचे अंतर ३० मिलिव्होल्ट आले. म्हणजे आमचा कार्बन फार वेगवान आहे का? (प्रयोगशाळा सहायक, सिन्नर)

नाही. सपाट पृष्ठभागाकडे विसरणाने येणाऱ्या एका इलेक्ट्रॉनाच्या क्रियेत ५७ च्या खाली जाताच येत नाही. ३० आले याचा अर्थ फेरिसायनाइड थराच्या छिद्रांत अडकले आहे आणि तिथल्या तिथे क्रिया करते आहे. पातळ थराचा हा परिणाम वेगवान उत्प्रेरणासारखा दिसतो म्हणून लोक फसतात. १०, २०, ५०, १०० आणि २०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद या वेगांना शिखर मोजा, करंट आणि वेग दोघांचे लॉग काढून रेषा काढा. उतार ०.५ च्या जवळ असेल तर विसरण, १ कडे झुकला तर अडकलेला थर. मग शाई निम्मी करून पुन्हा मोजा, अंतर वर सरकेल.

शाईची कृती तुम्ही लिहिली आहे : ५ मिलिग्रॅम कार्बन, पाणी आणि आयसोप्रोपेनॉल मिळून १ मिलिलिटर, ५ टक्के नॅफिऑनचे (कार्बन चिकटवून ठेवणाऱ्या पॉलिमरचे) २० मायक्रोलिटर, आणि ५ मायक्रोलिटरचा थेंब. म्हणजे इलेक्ट्रोडवर २५ मायक्रोग्रॅम कार्बन, चौरस सेंटिमीटरला ०.३५ मिलिग्रॅम. हे ठीक आहे, पण नॅफिऑन जवळजवळ १ मिलिग्रॅम झाले, कार्बनच्या पाचव्या हिश्शाइतके. नॅफिऑनवर ऋण सल्फोनेट गट असतात. ऋण फेरिसायनाइडला ते दूर ढकलतात, धन रुथेनियमला ओढून साठवतात. तुम्ही कार्बनचा पृष्ठभाग मोजायला निघालात आणि नॅफिऑनचा मोजता. ५ मायक्रोलिटरपर्यंत आणा, आणि कार्बन न घालता फक्त नॅफिऑनचा थेंब टाकलेला इलेक्ट्रोडही तुलनेसाठी मोजा. थेंब पंख्याखाली वाळवू नका. कडेला काळे कडे आणि मधे उघडा कार्बन राहतो, कॉफीच्या डागासारखा. चंचुपात्र पालथे घालून सावकाश वाळू द्या.

प्रश्न : बोएम टायट्रेशनने एका ग्रॅमला ०.१५ मिलिमोल कार्बॉक्सिल आले, व्होल्टॅमेट्रीने ०.०४ मिलिमोल गट. कोणता आकडा बरोबर? (पीएचडी संशोधक, नाशिक)

दोन्ही बरोबर असू शकतात, कारण दोघे वेगवेगळे गट मोजतात. हान्स-पीटर बोएम यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आम्लधर्मी गट पाहते : सोडियम बायकार्बोनेट कार्बॉक्सिलला उदासीन करते, कार्बोनेट त्यात लॅक्टोन मिळवते, हायड्रॉक्साइड त्यात फिनॉलही मिळवते. क्विनोन आम्लधर्मी नाही, त्यामुळे टायट्रेशनला तो दिसत नाही. उलट कार्बॉक्सिल नेहमीच्या विभवाच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन देतही नाही, घेतही नाही, म्हणून व्होल्टॅमेट्रीला तो दिसत नाही. प्रबंधात दोन आकडे एका रकान्यात टाकू नका.

तुमचे गणित तपासले. १.५ ग्रॅम कार्बन, ०.०५ मोलर बायकार्बोनेट ५० मिलिलिटर, २४ तास हलवून गाळले, १० मिलिलिटर घेतले, त्यात ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिलिलिटर, परत टायट्रेशनला ०.०५ मोलर हायड्रॉक्साइड १०.९ मिलिलिटर. आम्ल १ मिलिमोल, त्यातून ०.५४५ गेले, उरलेला अल्कली ०.४५५. मुळात ०.५ होता, म्हणजे कार्बनने ०.०४५ खाल्ला. ५० मिलिलिटरला ०.२२५, भागिले १.५, उत्तर ०.१५. गणित बरोबर आहे. पण पाहा, सगळे उत्तर ०.९ मिलिलिटरवर उभे आहे. ब्युरेट ०.१ मिलिलिटरने चुकली तर उत्तर नवव्या हिश्शाने हलते. कोरा नमुना, म्हणजे कार्बनशिवाय बायकार्बोनेट तसेच २४ तास हलवून, घेतला नसेल तर घ्या. त्याशिवाय हा आकडा छापू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक कार्बन डायऑक्साइडची. आम्ल घातल्यावर तो द्रावणात राहतो आणि परत टायट्रेशनला हायड्रॉक्साइड जास्त लागते, म्हणजे कार्बॉक्सिल जास्त वाटते. आम्ल घालून दोन तास नायट्रोजन सोडा आणि टायट्रेशन चालू असतानाही सोडत राहा.

तिसरी, पाण्याची. पावसाळ्यात उघड्या बाटलीतला सक्रिय कार्बन वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओलावा धरतो आणि तुम्ही त्याला कार्बन समजून तोलता. ११० अंशांना रात्रभर वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, झाकण लावून तोला.

व्होल्टॅमेट्रीच्या बाजूला ०.०४ कसे आले तेही लिहायला हवे. २५ मायक्रोग्रॅमवर शिखराखालचा भार ०.२ मिलिकूलॉम. त्याला २ गुणिले ९६,४८५ ने (दोन इलेक्ट्रॉन आणि फॅरडेचा स्थिरांक) भागले की १.०४ नॅनोमोल, ग्रॅमला ०.०४१ मिलिमोल. इथे खरी अडचण बेसलाइनची. ग्रॅमला १०० फॅरड धारकता असलेला कार्बन १ व्होल्टच्या पट्ट्यात २.५ मिलिकूलॉम नुसता विद्युत-दुहेरी थरात साठवतो. तुमचे शिखर त्याच्या बाराव्या हिश्शाइतके आहे. रेषा जरा वर-खाली ओढली की उत्तर दीडपट होते. ५ मिलिव्होल्ट प्रतिसेकंद इतका मंद वेग ठेवा, बेसलाइन तीन प्रकारे काढा, आणि येणारा पल्ला लिहा.

प्रश्न : आम्लात शंभर चक्रे घेतली की हायड्रोजन सुटण्याचा करंट आपोआप सुधारतो. कार्बन सक्रिय होतो का? (एमएससी विद्यार्थी, नाशिक रोड)

प्रतिइलेक्ट्रोड (करंटचे वर्तुळ पुरे करणारा दुसरा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमची तार आहे का? असेल तर ती थोडी थोडी विरघळून तुमच्या कार्बनवर बसते आणि हायड्रोजन प्लॅटिनमवर सुटतो. ग्रॅफाइटची जाड कांडी लावून शंभर चक्रे पुन्हा घ्या. सुधारणा नाहीशी झाली तर उत्तर मिळाले.

प्रश्न : शाळेत पोटेन्शिओस्टॅट (विभव ठरवून करंट मोजणारे यंत्र) नाही. कार्बनचा पृष्ठभाग बदलतो हे आठवी-नववीच्या मुलांना दाखवता येईल का? (विज्ञान शिक्षक, सातपूर)

येईल, आणि फार छान दिसते. सुतारी पेन्सिलीतले चपटे शिसे घ्या, ते सपाट असते म्हणून पाण्याचा थेंब त्यावर नीट बसतो. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर माती आणि मेण असते. म्हणून आधी बारीक काचकागदाने घासा आणि आयसोप्रोपेनॉलमध्ये भिजवलेल्या कापसाने दोन-तीनदा पुसा. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात १.४ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घाला. मीठ वापरू नका, त्यातून क्लोरीन येतो. शिशाचा निम्मा भाग बुडवा, त्याला दीड व्होल्टच्या दोन सेलांच्या जोडणीचे धन टोक लावा, ऋण टोकाला दुसरे शिसे. दोन मिनिटे थांबा, बाहेर काढा, धुवा, हवेत वाळू द्या.

मग ड्रॉपरने एकेक थेंब ठेवा. न बुडलेल्या भागावर थेंब गोल उभा राहील, बुडलेल्या भागावर पसरेल. पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट आले आणि पाणी त्यांना धरू लागले. मुलांना मोबाइलवर बाजूने फोटो काढू द्या आणि थेंबाचा कडेचा कोन कोनमापकाने मोजू द्या. मेण नीट निघाले नसेल तर दोन्हीकडे थेंब गोलच राहील, तेव्हा घासणे पुन्हा.

महाविद्यालयात यंत्र मिळाले तर ०.५ मिलिमीटरचे मेकॅनिकल पेन्सिलीचे शिसे इलेक्ट्रोड म्हणून चालते. एक सेंटिमीटर उघडे ठेवा, वर टेफ्लॉन टेप गुंडाळा. क्षेत्र ०.१६ चौरस सेंटिमीटर भरते. दर वेळी नवे शिसे घ्या, आणि एकाच डबीतली घ्या.

प्रश्न : छाटणीच्या काड्या ड्रममध्ये जाळून कोळसा केला आहे. विहिरीच्या पाण्याच्या फिल्टरला चालेल का? नाही तर बागेत टाकू का? (द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

पिण्याच्या पाण्याला वापरू नका, भाऊ. ड्रममधला कोळसा म्हणजे सक्रिय कार्बन नव्हे. त्याची छिद्रे बरीचशी डांबराने बुजलेली असतात. वास आणि थोडा रंग तो धरेल, पण क्षार, नायट्रेट आणि जंतू तसेच राहतील. वर बोर्डोचे तांबे त्याच काडीतून आलेले आहे, त्यावर निफाडच्या विद्यार्थ्याला दिलेले उत्तर वाचा.

बागेत टाकायचा विचार असेल तर आधी साधी तपासणी करा. कोळसा कुटून १० ग्रॅम घ्या, १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात तासभर अधूनमधून हलवा, कापडातून गाळा आणि पीएच पट्टी बुडवा. काडीच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो, त्यामुळे ९ च्या वर आकडा येणे साहजिक आहे. तुमची जमीन चुनखडीची आणि पीएच ८ च्या आसपास असेल, तर असा कोळसा वेलीच्या बुडाशी ढिगाने टाकू नका. शेणखताच्या खड्ड्यात थर देऊन मिसळा. आणि माती परीक्षणाला नमुना द्याल तेव्हा उपलब्ध तांबेही मोजायला सांगा.